ताप जिवाणूंचा, वाट जंताची: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या एका गावातले भातशेतकरी. वय पन्नाशीच्या पुढे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि गावाचे बारकावे बदलले आहेत. तपासण्या आणि निर्णय मात्र झाले त्याच क्रमाने दिले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून इथेही मामाच. मी त्या वेळी बेळगावातल्या एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करत होते. रुग्णाशी थेट संबंध कमी, त्यांच्या रक्ताशी, थुंकीशी आणि शौचाच्या नमुन्यांशी जास्त.

मलप्रभा उगम पावते तो हा पट्टा. पाऊस लागला की आठवडे-आठवडे थांबत नाही, आणि चिखलणीपासून रोप लावणीपर्यंत माणसं पोटरीभर चिखलात अनवाणी असतात. पायाच्या बोटांत चिखल्या होतात, त्यावर मेंदी लावतात आणि पुन्हा शेतात उतरतात. पायाला, कमरेला खाज येणं हा इथे आजार धरलाच जात नाही. या प्रकरणात ती खाज महत्त्वाची होती, पण तिच्याबद्दल विचारायला बराच उशीर झाला.

मामांना दमा जुना. उन्हाळ्यात तो वाढला, तेव्हा जवळच्या गावातल्या एका डॉक्टरांकडून कागदाच्या पुडीत गोळ्या आल्या. दोन दिवसांत छाती मोकळी झाली, भूक लागायला लागली, पुढे गालही भरले. घरच्यांना वाटलं, गोळी मानवली. पुड्या संपल्या की पुन्हा आणायच्या, असं लावणी उरकेपर्यंत चाललं. मामी नंतर म्हणाल्या, "गोळी सोडली की दम भरतोय, मग मीच आणून देतो की." त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्या औषधाने माणूस उभा राहतो ते कोण बंद करेल?

पहिला ताप

गणपती झाल्यावर मामांना थंडी वाजून ताप आला. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. रुग्णालयात आणलं तेव्हा रक्तदाब खाली होता. पांढऱ्या पेशी 16,000, त्यात न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी) 91 टक्के, इओसिनोफिल (जंत असला की एरवी वाढणाऱ्या पेशी) शून्य. सोडियम 124, म्हणजे बरंच कमी. ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा जिवाणू वाढला.

ई. कोलाय आपल्या आतड्यात राहतो. तो रक्तात सापडला की पहिला प्रश्न पडतो, आत शिरला कुठून? बहुतेक वेळा लघवीच्या मार्गातून, पित्ताशयातून किंवा फुटलेल्या अपेंडिक्समधून. मामांची लघवी स्वच्छ होती, सोनोग्राफीत काही नव्हतं. शौचाचा एक नमुना तपासला गेला, साध्या पद्धतीने, काचपट्टीवर. त्यात अंडी-अळ्या काही नाही, असा अहवाल गेला. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकाने ताप उतरला. छातीत घरघर होती म्हणून जाताना पाच दिवसांचा प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टिरॉइडचा, कोर्स आणि इनहेलर दिला. ई. कोलायचा उगम केस पेपरवर "अज्ञात" असा नोंदवला गेला आणि मामा घरी गेले.

जिवाणू मिळाला, औषध लागू पडलं, ताप गेला. घाईच्या वॉर्डात अशी फाइल तिथेच मिटते आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

दुसरा ताप आणि खरी अडचण

घरी गेल्यावर प्रेडनिसोलोन संपलं, दम पुन्हा लागला, पुडीतल्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दोन आठवड्यांच्या आत मामा परत वॉर्डात. या वेळी ब्लड कल्चरमध्ये दोन जिवाणू निघाले, ई. कोलाय आणि क्लेब्सिएला. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन बदलून मेरोपेनेम सुरू झालं. सीटी स्कॅनमध्ये गळू नव्हतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची भिंत तेवढी जाड दिसत होती.

एका माणसाच्या रक्तात आतड्यातले जिवाणू दोनदा आणि दुसऱ्यांदा दोन जातींचे. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी खूण हीच होती. ज्याच्या आतड्याला भोक नाही, ज्याला गळू नाही, मूतखडा नाही, त्याच्या आतड्यातून जिवाणू पुन्हा पुन्हा रक्तात येतात, म्हणजे त्यांना कुणीतरी वाट करून देतंय. चर्चा मात्र जिवाणू कुठल्या औषधाला दाद देतो याभोवतीच फिरत राहिली. त्यात प्रयोगशाळेचाही हातभार असतो. आमच्या अहवालावर जिवाणूचं नाव असतं, खाली औषधांची यादी असते. "हा इथे कसा?" असं विचारायला त्या कागदावर जागाच नसते.

तिसऱ्या दिवशी खोकला वाढला, थुंकीत रक्ताची छटा आली आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत डाग दिसले.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी वॉर्डात झालेली चर्चा मी नंतर संबंधितांकडून नीट समजून घेतली. पर्याय चार होते.

पहिला, क्षयरोग समजून उपचार सुरू करणं. वजन घटलेलं, आतड्याची भिंत जाड, फुप्फुसात डाग, थुंकीत रक्त. आपल्याकडे ही लक्षणं एकत्र आली की क्षय मनात येणारच. सीबीनॅटमध्ये क्षयाचे जंतू आढळले नव्हते, मॅन्टू, म्हणजे क्षयासाठीची कातडीवरची चाचणी, तीही निगेटिव्ह होती. पण आतड्याचा क्षय कित्येकदा तपासणीत सापडत नाही आणि डॉक्टर अनुभवावर उपचार सुरू करतात. घरच्यांचाही याकडे कल होता, कारण गावात दोघांना त्या गोळ्यांनी गुण आलेला त्यांनी पाहिला होता.

दुसरा, दम्याचा झटका समजून स्टिरॉइड वाढवणं. घरघर जोरात होती. हा पर्याय काही अंशी अमलातही आला होता. आदल्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांनी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड सुरू केलं होतं. रात्री दोन वाजता धाप लागलेल्या, घरघरणाऱ्या माणसाला कुणीही तेच दिलं असतं.

तिसरा, पुण्याला किंवा गोव्याला पाठवणं. रक्तदाब टिकत नव्हता. चोर्ल्याचा घाट रुग्णवाहिकेतून उतरायचा की नाही, यावर नातेवाइकांत दोन तट पडले.

चौथा पर्याय कनिष्ठ निवासी डॉक्टरांनी मांडला. मुलगा बागलकोटकडचा, मराठी जेमतेम. बेळगावच्या एका सिस्टरना सोबत घेऊन तो मामींशी पुन्हा पहिल्यापासून बोलला. कुठल्या गोळ्या, दिवसाला किती, कधीपासून, शेतात पायात काय घालता, अंगाला खाज येते का. भाच्याने पुडी आणली तेव्हा तिच्यात कापलेल्या पट्टीचा एक तुकडा निघाला. डेक्सामेथासोन, तेही स्टिरॉइडच, अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी. दिवसाला सहा. म्हणजे रोज 3 मिलिग्रॅम, प्रेडनिसोलोनच्या हिशोबात 20 मिलिग्रॅम, तेही काही महिने. गाल का भरले होते ते तिथे कळलं. खाजेबद्दल मामी म्हणाल्या, ती पूर्वापार आहे. ढुंगणावर, कमरेवर लाल रेघ उठते आणि बघता बघता पुढे सरकते.

सरकणारी लाल रेघ. पाठ्यपुस्तकात तिला लार्वा करन्स म्हणतात. त्वचेखालून अळी तासाला काही सेंटिमीटर जाते, तिची ती वाट. त्या मुलाने प्रयोगशाळेत फोन केला: थुंकी नुसती क्षयासाठी पाहू नका, ओली काचपट्टी करून अळ्यांसाठी पाहा.

प्लेटवरची साखळी

त्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे उत्तर जवळजवळ कचऱ्यात चाललं होतं. आदल्या दिवशी मामांची थुंकी कल्चरसाठी आली होती. ब्लड अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या रक्तमिश्रित थराच्या, लाल प्लेटवर लूपने (तारेच्या कडीने) रेघा ओढून नमुना पसरतात, आणि सकाळी जिवाणूंच्या वसाहती त्या रेघांवर उगवतात. या प्लेटवर त्या रेघांवर होत्याच, शिवाय भलतीकडेही होत्या. कडेपासून निघालेली, बारीक ठिपक्यांची एक नागमोडी साखळी, लूप जिथे गेलाच नव्हता तिथून वळसे घेत गेलेली. तंत्रज्ञाने तिच्यावर पेनने खूण करून "कंटॅमिनेशन" लिहिलं होतं आणि नवा नमुना मागवायचं ठरवलं होतं. चूक म्हणता येणार नाही, झाकण उघडं राहिलं किंवा मुंगी फिरली तरी प्लेटवर असंच काहीतरी दिसतं.

प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली कमी शक्तीवर धरली. साखळीच्या टोकाशी अळी होती, जिवंत, सापासारखी वळणारी. थुंकीची ओली काचपट्टी केली तर एकेका क्षेत्रात दोन-दोन, तीन-तीन अळ्या. लांब, सडपातळ, शेपटीच्या टोकाला खाच असलेल्या. स्ट्राँगिलॉयडिस स्टर्कोरॅलिस हा आतड्यातला बारीक जंत, तोही त्याच्या भेदक, म्हणजे कातडी किंवा आतडं भेदून शिरणाऱ्या, अवस्थेत.

साखळीतल्या ठिपक्यांची ओळख पटवली तर क्लेब्सिएला. रक्तात होता तोच, औषधांना दाद देण्याची तऱ्हाही तीच. अळी अगारवरून सरपटली आणि अंगावरचे जिवाणू मागे पेरत गेली. मामांच्या आतड्याच्या भिंतीतून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात जाताना तिने हेच केलं होतं. जिवाणूचा ताप आणि जंताचा संसर्ग असे दोन आजार नव्हतेच, हे इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी प्लेट मी अजून पाहिलेली नाही.

(प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी: या अळ्या धडधाकट कातडीतूनही आत शिरतात. प्लेट टेपने बंद केली, हातमोजे दुहेरी घातले आणि नमुन्यांत आयोडीन घातल्यावरच पुढचं काम केलं.)

शरीरात नेमकं काय झालं होतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे निर्णय यावर अवलंबून होते.

हा जंत मातीतून, अनवाणी पायांतून शिरतो आणि लहान आतड्याच्या अस्तरात राहतो. मादी जेमतेम दोन मिलिमीटर लांब, नराशिवाय अंडी घालते. अंडी आतड्यातच फुटतात. बहुतेक अळ्या शौचातून बाहेर पडतात. काही मात्र आतल्या आतच भेदक अवस्थेला पोचतात आणि आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या त्वचेतून पुन्हा शरीरात शिरतात. त्यामुळे माणसाने चिखलात पाय ठेवणं सोडलं तरी संसर्ग दशकानुदशकं टिकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो कित्येक दशकांनंतरही सापडला. 1876 मध्ये तूलों इथे लुई नॉर्मां या फ्रेंच नौदलाच्या डॉक्टरने व्हिएतनामकडून परतलेल्या सैनिकांमध्ये तो पहिल्यांदा पाहिला. शेतकऱ्याइतकाच सैनिकांचाही हा जुना सोबती.

जंताला आवर घालणारी प्रतिकाराची फळी वेगळी, जिवाणूंसाठीची वेगळी. मॉसमन आणि कॉफमन यांनी 1986 मध्ये उंदरांच्या टी-पेशींत (प्रतिकाराला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशींत) असे दोन गट दाखवले, टीएच-1 आणि टीएच-2. पुढे त्यांत टीएच-17 ची भर पडली. जिवाणूंविरुद्ध टीएच-1 आणि टीएच-17, इंटरफेरॉन-गॅमा, न्यूट्रोफिल. जंतांविरुद्ध टीएच-2, म्हणजे इंटरल्यूकिन-4, 5 आणि 13 हे पेशींमधले निरोप, इओसिनोफिल, आयजीई प्रतिपिंडं, आतड्यातला वाढीव चिकट स्राव. जंत आल्याची वर्दी आतड्याच्या अस्तरातल्या टफ्ट पेशी इंटरल्यूकिन-25 सोडून देतात, हे तर 2016 मध्ये स्पष्ट झालं. निरोगी माणसात ही फळी जंताला संपवत नाही, संख्येत ठेवते. एक प्रकारचा तहच तो: तू थोडा राहा, मी फार त्रास देणार नाही.

स्टिरॉइडने तो तह मोडला. इओसिनोफिल नाहीसे झाले, टीएच-2 ची फळी झोपली. शिवाय स्टिरॉइडची रेणूरचना अळीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांशी मिळतीजुळती असल्याने ते अळ्यांना थेट भेदक अवस्थेकडे ढकलत असावं, अशीही एक मांडणी आहे. आतल्या आत फिरणाऱ्या अळ्यांची संख्या भराभर वाढते आणि प्रत्येक अळी आतड्यातले जिवाणू घेऊन भिंत ओलांडते. याला हायपरइन्फेक्शन म्हणतात. वेळेत न ओळखल्यास यातून बहुतेक रुग्ण वाचत नाहीत.

आता पहिल्या दिवशीचा रक्ताचा अहवाल पुन्हा पाहा. न्यूट्रोफिल 91 टक्के, इओसिनोफिल शून्य. गलका न्यूट्रोफिलचा होता, म्हणून सगळ्यांनी जिवाणूच ऐकला. इओसिनोफिल शून्य दिसल्यावर "जंत नसावा" असा उलटा दिलासा मिळाला. एवढ्या मोठ्या जिवाणू-संसर्गात इओसिनोफिल तसेही उतरतात, त्यात स्टिरॉइड. या रुग्णात शून्याला काहीच अर्थ नव्हता. निगेटिव्ह मॅन्टूचंही तेच. स्टिरॉइडवर असलेल्या माणसाची मॅन्टू खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्यापलीकडे, चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेच्या आवारात डॉ. सुबाष बाबू यांच्या गटाने तामिळनाडूतल्या ग्रामीण रुग्णांवर जे काम केलं आहे त्यातून दिसतं की, सुप्त क्षय असलेल्या माणसात हा जंतही असेल, तर क्षयाच्या प्रतिजनांना मिळणारा टीएच-1 आणि टीएच-17 चा प्रतिसाद मंदावतो, आणि जंताचा उपचार केल्यावर बऱ्याच अंशी सावरतो. म्हणजे जंत नुसता आपल्या विरुद्धची फळी थोपवत नाही, शेजारच्या फळीलाही थंड करतो. जंत आणि जिवाणू यांची प्रकरणं वेगवेगळ्या विभागांत ठेवण्याची आपली सवय त्यामुळेच धोक्याची.

केलेली कृती

क्षयाचे उपचार सुरू केले नाहीत. पुण्या-गोव्याला पाठवणंही रद्द झालं. निदान हाती होतं आणि औषध गोळीच्या रूपात बेळगावातच मिळत होतं.

औषध आयव्हरमेक्टिन. किलोमागे 200 मायक्रोग्रॅम; मामांचं वजन 45 किलो, म्हणजे रोज 9 मिलिग्रॅम. साध्या संसर्गात एक-दोन मात्रा पुरतात, हायपरइन्फेक्शनमध्ये रोज द्यावं लागतं. सोबत अल्बेंडाझोल हे दुसरं जंतनाशक आणि जिवाणूंसाठी मेरोपेनेम चालूच. एका वरिष्ठ डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनचं नाव ऐकून भुवया उंचावल्या. कोविडच्या काळात या औषधाची जी वाटेल तशी उधळण झाली तिचा हा परिणाम. ज्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं ते काम मात्र जंतांवरचंच होतं, आणि इथे तेच त्याचं हक्काचं ठिकाण होतं.

पहिला अवघड निर्णय स्टिरॉइडचा. जंतासाठी ते ताबडतोब थांबायला हवं होतं. पण काही महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाल्याने मामांच्या अधिवृक्क ग्रंथींनी, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथींनी, आपलं काम सोडलेलं असणार, आणि रक्तदाब आधीच खाली. एकदम बंद केलं तर त्यानेच जीव जाईल. दम्यासाठी दिलेल्या मोठ्या मात्रा त्याच रात्री थांबवल्या, घरघरीसाठी फक्त नेब्युलायझर ठेवला, आणि शरीर टिकण्यापुरतं हायड्रोकॉर्टिसोन ठेवून ते हळूहळू उतरवायचं ठरलं. किती म्हणजे पुरतं, यावर वैद्यकशास्त्र आणि अतिदक्षता विभागांत मतभेद होते. शेवटी दर सकाळी रक्तदाब पाहून मात्रा ठरत गेली. याला कुठल्या पुस्तकात सूत्र नाही.

दुसरा पेच वेगळाच. आतडं निपचित होतं, पोट फुगलेलं, नाकातल्या नळीतून दिलेली गोळी पोटातच पडून राहण्याची शक्यता मोठी. माणसांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मंजूर नाही. जनावरांसाठी आहे, आणि ते तालुक्यातल्या प्रत्येक गोठ्याला माहीत. भाचा म्हणाला, "आमच्या म्हशीला डॉक्टर हेच मारतात. दुकानात मिळतंय. आणू काय?"

त्याला हसण्यासारखं काही नव्हतं. परदेशात अशा मरणोन्मुख रुग्णांना जनावरांचं इंजेक्शन त्वचेखाली दिल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. आपल्याकडे त्यासाठी नैतिक समितीची तातडीची परवानगी, लेखी संमती आणि जबाबदारी घेणारं कुणीतरी लागतं. ठरलं ते असं: गोळी कुटून नळीतून द्यायची, नळी काही काळ बंद ठेवायची, जोडीला तीच मात्रा गुदमार्गाने द्यायची. समितीकडे अर्ज त्याच दिवशी टाकायचा, संमतीपत्र मराठीत तयार ठेवायचं, आणि 72 तासांत थुंकीतल्या अळ्या तशाच वळवळत राहिल्या तर इंजेक्शनकडे वळायचं. दररोज सकाळी थुंकीची काचपट्टी मी स्वतः पाहायची, अळ्या मोजायच्या आणि त्या हलतात की नाही ते कळवायचं.

मला हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो, कारण तो अडल्या वेळी घेण्याऐवजी आधीच घेतला गेला आणि कधी बदलायचा तेही आधीच ठरलं.

निष्पत्ती

तिसऱ्या सकाळी अळ्या होत्या, पण निम्म्या ताठ पडलेल्या. त्याच दुपारी पोटात हालचाल ऐकू आली. जनावरांचं इंजेक्शन लागलं नाही. नवव्या दिवशी थुंकी स्वच्छ झाली, शौच त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, आणि तिथून पुढे दोन आठवडे औषध चालू ठेवलं. ब्लड कल्चरमध्ये पुन्हा काही वाढलं नाही. तिसऱ्या आठवड्यात इओसिनोफिल शून्यावरून 14 टक्क्यांवर गेले. एरवी हा आकडा पाहून कपाळाला आठ्या पडतात, या खेपेला वॉर्डातून आनंदाचा फोन आला.

मामा वाचले, पण सगळं पूर्ववत झालं नाही. मांड्यांची ताकद गेली होती, त्या सुगीला ते शेतात उभे राहू शकले नाहीत. साखर वाढलेली राहिली. दमा कमी झाला, गेला नाही. म्हणजे तो सगळा जंताचाच होता असं म्हणता येत नाही. इनहेलर चालू आहे. मामींच्या शौचाच्या तिसऱ्या नमुन्यात, अगार पद्धतीने (नमुना अगारच्या प्लेटवर ठेवून अळ्यांच्या वाटा पाहण्याने), त्याच अळ्या सापडल्या. त्यांना काहीच त्रास नव्हता. दोन मात्रांत त्यांचा उपचार झाला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या तापातच निदान व्हायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. एका ई. कोलायवरून कुणी जंत शोधत नाही. पण तीन गोष्टी तेव्हाही हाताशी होत्या. स्टिरॉइडची विचारपूस "कुठली औषधं चालू आहेत?" या प्रश्नाने होत नाही, पुडीतली गोळी लोक औषधाच्या यादीत धरत नाहीत. पुडी मागवून पाहावी लागते. शौचाचा एक निगेटिव्ह नमुना या जंताबाबत जवळपास निरुपयोगी आहे, कारण अळ्या कमी आणि अधूनमधून पडतात. एका नमुन्यात निम्म्याहून जास्त संसर्ग निसटू शकतात. आणि "उगम अज्ञात" हा शेरा निष्कर्ष म्हणून फाइलीत गेला, तो प्रलंबित प्रश्न म्हणून जायला हवा होता.

दुसऱ्या तापात मात्र ढिलाई झाली. आतड्यातले दोन जिवाणू रक्तात, गळू नाही, स्टिरॉइडने गाल भरलेला चेहरा समोर. तिथून थुंकीच्या काचपट्टीपर्यंत तीन दिवस लागले, आणि त्यातल्या एका रात्री स्टिरॉइड वाढलं.

शाळांत दिल्या जाणाऱ्या जंताच्या गोळीने हे टळलं असतं का, असं एका नातेवाइकाने विचारलं. नाही. 2015 पासून चालणारा राष्ट्रीय जंतनाशक दिन 1 ते 19 वयासाठी आहे, आणि अल्बेंडाझोलची एक गोळी या जंताला पुरत नाही.

वादाचा मुद्दा एकच उरला. दीर्घकाळ स्टिरॉइड द्यायचं असेल तर अशा भागातल्या शेतकऱ्याची आधी तपासणी करायची, की न तपासताच आयव्हरमेक्टिन देऊन टाकायचं? कोविडमध्ये डेक्सामेथासोन सर्रास सुरू झालं तेव्हा, 2020 मध्येच, संसर्गाची शक्यता असलेल्यांना आधी आयव्हरमेक्टिन द्यावं अशी सूचना वैद्यकीय नियतकालिकांत आली होती. वैद्यकशास्त्र विभागाचं म्हणणं, औषध स्वस्त आणि सुरक्षित, तपासणी कमकुवत, देऊन टाका. आमच्यातल्या काहींचं म्हणणं, तपासलंच नाही तर तालुक्यात हा जंत किती आहे हे कधीच कळणार नाही. मी पहिल्या बाजूची आहे, एका अटीवर: गोळी देण्याआधी एक नमुना घेऊन ठेवावा.

सध्या चालतं ते अर्धवट आहे. स्टिरॉइड सुरू करताना भातशेती, अनवाणी काम आणि सरकणारी खाज हे तीन प्रश्न केस पेपरवर छापले आहेत, मराठीत आणि कन्नडमध्ये. ब्लड कल्चरमध्ये आतड्यातला जिवाणू दुसऱ्यांदा निघाला की प्रयोगशाळेतून वॉर्डात फोन जातो. अगार पद्धत आठवड्यातून दोनच दिवस चालते, कारण तिला माणूस लागतो आणि तो मिळत नाही. ज्यांच्या पुड्या मामांच्या घरी येत होत्या त्या डॉक्टरांना निवासी मुलगा आणि सिस्टर जाऊन भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. पुड्या बंद झाल्या की नाही, ते मामींना विचारावं लागेल. पुढच्या तपासणीची त्यांची तारीख लावणीनंतरची आहे.